घरचें वळण : राक्षसाचें सोंग आणि माणसाचा शिष्टाचार

पंगतींत कसें बसावें, पत्राचा मायना कसा लिहावा, समाचारास गेलें असतां काय बोलावें व काय बोलूं नये, अशा गोष्टींचा विचार आम्ही या सदरांत करीत असतों. या महिन्याचा विषय पाहून कांहीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, आणि घरांतील तरुण मंडळी हा अंक त्यांच्या हातून मागून घेतील, असा आमचा अंदाज आहे. विषय आहे राक्षसाचें सोंग घेणाराच्या शिष्टाचाराचा. राक्षसास शिष्टाचार कसला, असें कोणीहि प्रथमदर्शनीं विचारील. परंतु राक्षसास तो नसला तरी राक्षसाचें सोंग घेणाऱ्या माणसास असलाच पाहिजे. किंबहुना रामाचें सोंग घेणारापेक्षां रावणाचें सोंग घेणारास तो अधिक लागतो, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

निमित्त झालें तें कोल्हापुरांतील एका एकत्र कुटुंबांतून आलेल्या पत्राचें. मंगळवार पेठेंतील एका वाड्यांत तिघा भावांचा संसार एका चुलीवर नांदत आहे. घरांतील पांच-सहा मुलें आणि पुण्यास असलेली त्यांची आतेबहीण अशीं सर्व मिळून रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोबाइलवर व संगणकावर एक सोंगांचा खेळ खेळतात. प्रत्येकानें एक पात्र घ्यावयाचें, त्या पात्राच्या तोंडचीं वाक्यें लिहावयाचीं, आणि सर्वांनीं मिळून एक कल्पित गांव चालवावयाचें, असें त्या खेळाचें स्वरूप. थोरल्या भावाच्या सोळा वर्षांच्या मुलानें राक्षसाचें पात्र घेतलें. पहिले कांहीं दिवस सर्वांस मोठी मौज वाटली. पुढें मात्र हा राक्षस रोज रात्रीं आतेबहिणीचीच झोपडी जाळूं लागला, तिनें पाळलेली गाय मारूं लागला, आणि "आतां पुरे" असें ती म्हणाली, तर "राक्षस कधीं पुरे म्हणतो काय?" असें उत्तर देऊं लागला. तेरा वर्षांच्या त्या मुलीनें खेळ सोडला, आणि यंदा दिवाळीस आपण आजोळीं येणार नाहीं असें आईकरवीं कळविलें. आजी म्हणतात, "हे राक्षसी खेळच घरांतून बंद करा." धाकटे काका म्हणतात, "खेळांतलें खेळांत. एवढें मनास लावून घेण्याचें कारण काय?" मुलगा म्हणतो, "मी राक्षस होतों, राक्षसासारखा वागलों. यांत माझें काय चुकलें?" यांत खरें कोणाचें, असें मुलाच्या मातोश्रींनीं आम्हांस विचारिलें आहे.

तिघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे, म्हणूनच प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. प्रथम आजींच्या म्हणण्याचा विचार करूं. राक्षसाचें नांव घरांत नको, असें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या नगरींत हें पत्र लिहिलें गेलें, त्या नगरीचें नांवच एका राक्षसावरून पडलें असें मानितात. करवीरमाहात्म्यांतील कथा कोल्हापुरांत लहानथोरांस ठाऊक असते. महालक्ष्मीच्या हातून मरतांना कोल्हासुरानें वर मागितला कीं, या क्षेत्रास आपलें नांव राहावें. आणि देवीनें तो दिला. आजहि नवरात्रांत ललितापंचमीस अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तेथें कुमारिकेच्या हस्तें कोहळा फोडला जातो, आणि तो कोहळा म्हणजेच कोल्हासुर असें मानितात. फुटलेल्या कोहळ्याचा एखादा तुकडा हातीं लागावा म्हणून भाविकांची झुंबड उडते. ज्याचा दरवर्षीं वध करावयाचा, त्याचेंच नांव गांवास द्यावयाचें आणि त्याचाच तुकडा प्रसाद म्हणून घरीं न्यावयाचा, असा हा प्रकार आहे. राक्षसास आमच्या पूर्वजांनीं गोष्टींतून हांकलून दिलें नाहीं. त्यास ठराविक जागा दिली, ठराविक वेळ दिला, आणि त्याचा अंत कसा व्हावयाचा हेंहि ठरवून ठेविलें. आजींनीं हें ध्यानांत घ्यावें, अशी आमची नम्र विनंति आहे.

रंगभूमीवरहि तेंच. सांगली कोल्हापुराहून दूर नाहीं. तेथें १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून धरण्याची पद्धत आहे. त्या काळच्या नाटक मंडळ्यांत नटांचे वर्ग ठरलेले असत : देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीचे नट राळेच्या भपकाऱ्यांत तलवारी परजीत, 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकीत प्रवेश करीत. पुढील पिढ्यांनीं त्या आरोळीची पुष्कळ थट्टा केली. पण एक गोष्ट विसरूं नये. त्या नाटकांत सूत्रधार पदें म्हणे आणि पात्रें आपापलीं भाषणें ऐन वेळीं जुळवून बोलत. संवाद पाठ करून आलेला राक्षस लेखकाच्या लगामांत असतो. आयत्या वेळीं बोलणाऱ्या राक्षसास लगाम आपला आपणच धरावा लागतो.

तळकोंकणांतील दशावतारी खेळांत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. तेथेंहि आख्यान ठरलेलें, पण संवाद लिहिलेले नसतात. पूर्वरंगांत संकासुर येतो. अंगावर काळा वेष, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवितो, मालवणींत टवाळी करितो, प्रेक्षकांस हंसवितो, लहान मुलांस भिववितो, आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. हा संकासुर पाहावयास मुलें आईच्या पदरामागें लपतात खरीं, पण पदराच्या आडून पाहातात! भीति आणि मौज यांचें प्रमाण त्या नटास नेमकें साधलेलें असतें. समोरचें मूल खरोखरच रडावयास लागलें, तर जो तेथेंच चाळा बदलतो तो चांगला संकासुर. जो आणखी दोन पावलें पुढें जातो त्यास नुसता काळा वेष मिळालेला असतो, कला मिळालेली नसते.

कोल्हापूरच्या चित्रपटाच्या इतिहासांतहि एक बोधप्रद प्रसंग आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढिला. त्यांतील कीचकवधाचें दृश्य इतकें हुबेहूब वठलें होतें कीं, प्रेक्षकांस तें पाहवेना, आणि सरकारी परीक्षकांच्या सांगण्यावरून तें काढून टाकावें लागलें. कलेच्या दृष्टीनें तो पेंटरांचा विजयच होता. परंतु पाहाणारास किती सोसेल याचा हिशेब करणारास वेगळा ठेवावा लागतो, हेंहि त्यावरून सिद्ध होतें.

आतां इंटरनेटवरील खेळांकडे वळूं. त्यांचें मूळ अमेरिकेंत व इंग्लंडांत आहे. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक जण सूत्रधार होतो, बाकीचे वीर होतात, आणि वाटेंत भेटणारे यच्चयावत् राक्षस सूत्रधाराच्याच तोंडून बोलतात. १९७८ सालीं एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें 'मड' हा संगणकावरील खेळ रचावयास घेतला व रिचर्ड बार्टल यानें तो पुढें नेला. चित्र एकहि नाहीं, सर्व कारभार लिहिलेल्या शब्दांवर. २००४ सालीं आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांत ऑर्क, ट्रोल किंवा थडग्यांतून उठलेलें प्रेत होऊनहि खेळतां येतें. आणि २०१६ च्या 'डेड बाय डेलाइट'मध्यें तर एक जण मारेकरी व चौघे जीव वांचविणारे अशी सरळ वांटणी आहे. म्हणजे राक्षसपार्टी बंद पडली नाहीं. ती फक्त सांगलीच्या रंगभूमीवरून मुलांच्या हातांतील कांचेवर आली. फरक एवढाच कीं, जुन्या नटास समोरच्याचा चेहरा दिसत असे. कोल्हापुरांत बसून पुण्यांतील मुलीची झोपडी जाळणारास तिचे डोळे भरून आलेले दिसत नाहींत. डोळ्यांचें काम शिष्टाचारानें करावें लागतें, म्हणून या खेळांत तो अधिक हवा.

हे खेळ गंभीरपणें खेळणाऱ्या मंडळींत कित्येक संकेत रूढ झालेले आहेत, व ते आमच्या घरांतील मुलांनीं जाणून घ्यावे असे आहेत.

पहिला संकेत असा कीं, राक्षसानें प्रयत्न सांगावा, परिणाम सांगूं नये. "राक्षसानें गदा उचलून तिच्यावर फेंकली" येथपर्यंत राक्षसाचें राज्य. गदा लागली कीं चुकली, हें ज्याच्यावर फेंकली त्यानें, किंवा फांशानें, किंवा सूत्रधारानें ठरवावयाचें. "गदा लागली, तूं पडलीस, तुझी गाय मेली," असें सर्व एका दमांत लिहिणें म्हणजे बुद्धिबळांत दोन्ही बाजूंच्या खेळ्या आपणच करणें होय. त्यांत समोरच्यास बसण्याचें तरी काय प्रयोजन?

दुसरा संकेत परवानगीचा. दुसऱ्याचें पात्र मारून टाकणें, त्यास लुळेंपांगळें करणें, चावून त्यासहि राक्षस बनविणें, अशी जी कायमची हानि असते, ती ज्याचें पात्र आहे त्यास आधीं विचारल्यावांचून करूं नये. त्या पात्रासाठीं त्यानें महिनेच्या महिने घालविलेले असतात. शेजाऱ्यानें वाढविलेलें रोप आपण खेळतांना देखील उपटीत नाहीं.

तिसरा संकेत दोन जिभांचा. सोंगाचें बोलणें वेगळें आणि माणसाचें बोलणें वेगळें. तीं एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. लिहून खेळणारे लोक आपलें स्वतःचें बोलणें दुहेरी कंसांत घालितात, म्हणजे तें पात्राचें नव्हे हें सर्वांस कळतें. एकत्र बसून खेळणारे कांहीं जण मध्यें फुली काढलेला एक कागद ठेवितात; कोणास प्रसंग असह्य झाला कीं त्यानें त्यास बोट लावावें, आणि कारण न विचारतां खेळ तेथून दुसरीकडे न्यावा. ही युक्ति नवी वाटेल. परंतु आमचीं मुलें पकडापकडी खेळतांना "टाइमप्लीज" म्हणतात तें दुसरें काय आहे? टाइमप्लीज म्हणणारास कितीहि द्वाड पोर पकडीत नाहीं. अंगणांत पाळला जाणारा हा कायदा मोबाइल हातीं येतांच रद्द कां व्हावा?

चौथी गोष्ट लहानांची व नवख्यांची. आमच्या अंगणांत धाकट्या भावंडास 'कच्चा लिंबू' करून खेळांत घेतात. तो धांवतो, ओरडतो, पण बाद होत नाहीं. जो राक्षस नवख्यांचीच शिकार करितो, त्याचें सामर्थ्य सिद्ध होत नाहीं. शिकार संपली कीं गांव ओस पडतें, आणि ओस गांवांत राक्षसास विचारतो कोण?

पांचवी गोष्ट हार पत्करण्याची, आणि आमच्या मतें ही सर्वांत मोठी. राक्षसाचें पात्र अखेरीस पडावें म्हणूनच असतें. कोल्हासुर पडला नाहीं तर कोहळा फुटणार नाहीं. संकासुर मेला नाहीं तर वेद परत येणार नाहींत, व पुढील आख्यानास आरंभच होणार नाहीं. कधींच न हरणारा, प्रत्येक बाणास कांहीं तरी नवी माया काढून चुकविणारा राक्षस कंटाळवाणा होतो. चांगला राक्षस लढतो जोरानें आणि पडतो ऐटींत. त्याच्या पडण्यानें वीराचें मोल वाढतें. जें पात्र केवळ दुसऱ्यास मोठेपणा यावा म्हणून उभें असतें, तें घेणाराचें मन लहान असून कसें चालेल?

आतां राक्षसाच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलले पाहिजेत. राक्षस होऊन गांवांत शिरणारानें लोक दगड मारतील, पळतील, दारें लावून घेतील, हें गृहीत धरावें. "मला कोणी खेळांत घेत नाहीं" अशी तक्रार मग करूं नये. उलट बाकीच्यांनीं दगड मारावे ते राक्षसास; खेळ संपल्यावर त्या मुलासच "तूं मेला आहेसच तसला" असें म्हणूं नये. निळू फुले यांचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. पडद्यावरील त्यांचे दुष्ट पाटील व सरपंच पाहून खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांस खरोखरच शिव्याशाप देत. २००९ सालीं ते गेले तेव्हां, राष्ट्र सेवा दलाच्या मुशींतून निघालेला एक साधा व सज्जन माणूस गेला, असेंच त्यांस ओळखणारांनीं सांगितलें. वाईटाचें सोंग हुबेहूब आणणारा मनुष्य वाईट असतो, हा समज अडाणीपणाचा आहे. घरच्या मुलाविषयीं तर तो मुळींच करून घेऊं नये.

या कसोट्यांवर आमच्या पत्रांतील प्रसंग घासून पाहूं. मुलगा म्हणतो, मी राक्षसासारखा वागलों. खरें आहे, आणि राक्षस होणें हा त्याचा दोष नव्हे. परंतु "आतां पुरे" हे शब्द त्या गांवांतील झोपडीवालीचे नव्हते. ते त्याच्या बहिणीचे होते. बहीण बोलली आणि उत्तर राक्षसानें दिलें, येथें चूक झाली. त्या क्षणीं त्यानें मुखवटा वर सारून, "कां ग, काय झालें?" एवढेंच विचारावयास हवें होतें. शिवाय गांवांत पांच-सहा घरें असतां रोज एकच घर जळत होतें. एकाच माणसाचा नेम धरला कीं सोंगाचा आडपडदा पातळ होतो आणि त्यामागील मनुष्य दिसूं लागतो. तेरा वर्षांच्या मुलीस तो दिसला असल्यास नवल नाहीं. काकांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, "खेळांतलें खेळांत" हें वाक्य फार चांगलें आहे, पण तें म्हणण्याचा अधिकार ज्याची झोपडी जळली त्याचा आहे. ज्यानें जाळली त्यानें, किंवा त्याच्या वतीनें वडिलांनीं, तें म्हणूं नये.

उपाय काय? खेळ बंद करणें हा नव्हे. बंद केलेला खेळ पांघरुणाखालीं चालूं राहातो, आणि तेथें विचारणारें कोणी नसतें. मुलानें स्वतः आतेबहिणीस फोन करावा. आईनें किंवा काकूनें त्याच्या वतीनें करूं नये. "तूं पुरे म्हणालीस तेव्हां मीं थांबावयास हवें होतें" एवढें एक वाक्य त्यानें बोलावें. "तूं फारच हळवी" हें दुसरें वाक्य त्यास जोडूं नये. तें जोडलें कीं पहिलें फुकट जातें. मग दिवाळीस येण्याचें निमंत्रण द्यावें, आणि येण्या-न येण्याचें तिच्यावर सोंपवावें. त्यापुढें खेळांत राक्षस कोणी व्हावयाचें, हें आळीपाळीनें ठरवावें. पकडापकडींत राज्य कायम एकाच मुलावर ठेवण्याची रीत कोठेंच नाहीं. पंधरा दिवस आतेबहीण राक्षस झाली आणि थोरला दादा झोपडींत बसला, तर या लेखांत आम्हीं जें विस्तारानें सांगितलें, तें त्यास एका रात्रींत समजेल.

वडील मंडळींसहि आमचें थोडें सांगणें आहे. मुलें काय खेळतात हें दाराआडून ऐकूं नका, एखाद्या रात्रीं जवळ बसून विचारा, "तुमच्या गांवांत कोण कोण आहे? राक्षसाचें नांव काय? तो कशाच्या मागें लागला आहे?" मुलें मोठ्या उत्साहानें सांगतील. घरांत नुकतेंच कोणाचें निधन झालें असेल, कोणी आजारी असेल, तर त्या दिवसांत प्रेतांचीं व रोगराईचीं सोंगें नकोत, हें वडिलांनींच हळुवारपणें सुचवावें. मुलांस तें आपण होऊन सुचतेंच असें नाहीं. खेळांत अनोळखी माणसें असलीं तर तीं कोण, हेंहि पाहावें. राक्षसाच्या वेषांतील ओळखीच्या मुलापेक्षां राजपुत्राच्या वेषांतील अनोळखी मनुष्याचें भय अधिक. आणि खेळाची वेळ ठरवून द्यावी. कारण तळकोंकणांतला संकासुरदेखील ठरल्या वेळीं येतो आणि ठरल्या वेळीं पडतो.

शेवटीं एक लहानशी सूचना. खेळ संपतांच मोबाइल बाजूस ठेवून तसेंच झोपावयास जाऊं नये. नट रंग पुसल्यावांचून घरीं जात नाहीं. दोन मिनिटें सर्वांनीं स्वतःच्या नांवानें बोलावें, राक्षस झालेल्यानें विचारावें, "आज कोणास फार लागलें तर नाहीं ना?" आणि बाकीच्यांनीं, तो चांगला वठला असेल तर, तसें त्यास मोकळ्या मनानें सांगावें. ज्या घरांत राक्षसाची पाठ थोपटली जाते, त्या घरांत राक्षस सोंगापुरताच राहातो, असा आमचा विश्वास आहे.

पुढील महिन्यांत, पाहुण्यांच्या देखत मुलांस गावयास किंवा श्लोक म्हणावयास लावावें कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार करूं. त्याविषयीं वाचकांचीं मतें, विशेषतः ज्यांस लहानपणीं असें गावें लागलें त्यांचीं, आम्हांस अवश्य हवीं आहेत.